लाँड्रीतली म्हातारी आणि तिचा देव

मालिका लिहिणाऱ्यांना देवभक्त म्हातारीइतके सोयीचे पात्र दुसरे नाही. तिने हात जोडले की तिचे काम झाले. मुलगा बिघडला की उपास धरायचा, सून रडली की तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा, घर फुटायला आले की देवघरात जाऊन बसायचे. आपल्याकडच्या मालिकांत तर देवही हजरजबाबी असतो. समई फडफडते, कुंकवाचा करंडा लवंडतो, मूर्तीवरचे फूल नेमके उजवीकडे पडते आणि म्हातारीला पुढचा रस्ता कळतो. अशा आजीवर कितीही आपत्ती कोसळल्या तरी ती खऱ्या अर्थाने कधीच अडचणीत नसते, कारण तिचा देव पटकथाकाराच्या पगारावर असतो. माझे म्हणणे असे की, श्रद्धाळू म्हातारीचे हाल दाखवायचे असतील तर त्या हालांत तिच्या श्रद्धेचा हात असला पाहिजे. श्रद्धेपायी तिला काही निवडावे लागले पाहिजे आणि निवडल्यावर काही गमवावे लागले पाहिजे. एरवी ते हाल म्हणजे भाग भरून काढण्याची युक्ती. हे साधता येते आणि तीन-साडेतीन दशके टिकवताही येते, याचा मला माहीत असलेला सर्वांत भक्कम पुरावा पूर्व लंडनमधल्या एका काल्पनिक चौकात, कपडे धुण्याच्या दुकानात सिगारेट ओढत उभा आहे. त्या पुराव्याचे नाव डॉट कॉटन.

बीबीसीची 'ईस्टएंडर्स' ही मालिका १९ फेब्रुवारी १९८५ रोजी सुरू झाली. ज्यूलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड यांनी उभी केलेली वॉलफर्ड ही वस्ती आणि तिच्यातला अल्बर्ट स्क्वेअर नकाशावर शोधून सापडायचा नाही. चित्रीकरण चालते ते एल्सट्रीच्या स्टुडिओत. पहिल्याच भागात रेग कॉक्स नावाचा म्हातारा आपल्या खोलीत मरणाच्या दारात सापडतो आणि त्याला तिथे पोचवणारा निघतो निक कॉटन. डॉट ही या निकची आई. ती पडद्यावर आली त्याच वर्षीच्या जुलैत. म्हणजे मुलाचा गुन्हा आधी आणि आई मागाहून. हा क्रम तिच्या जन्माला कायमचा चिकटला. भूमिका जून ब्राउन यांची. त्या तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या, आणि त्यांचे नाव मालिकेतलेच एक नट लेस्ली ग्रँथम यांनी सुचवले होते. १९९३ ते १९९७ ही मधली वर्षे सोडली तर जानेवारी २०२० पर्यंत त्या डॉट म्हणून दिसत राहिल्या. नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या त्या लाँड्रीत डॉट कामाला. ओठांत सिगारेट, तोंडी बायबल, दुखण्यांची यादी तोंडपाठ. चर्च चुकवायची नाही आणि चौकातली कुजबुजही. नवरा चार्ली ट्रकचालक. कायदा धाब्यावर बसवून त्याने दुसऱ्या बाईशीही लग्न लावलेले. कुलमाता म्हणावी तर डॉटला कूळच नाही. असलेला नवरा परागंदा, असलेला मुलगा खुनी. लोकांची धुणी धुता धुता तिला त्यांची उणीदुणीही कळत जातात, आणि हळूहळू तो चौकच तिचे घरदार होतो.

निकने आईला जे दिले त्याची यादी मोठी आहे, पण १९९० ची एक गोष्ट पुरेशी आहे. डॉटला बिंगोत घसघशीत रक्कम लागली. निक परतला तो पालटून. आपल्याला प्रभू भेटला, आपण नवे माणूस झालो, असे तो सांगू लागला आणि आईसोबत प्रार्थनेला बसू लागला. चौकातल्या सगळ्यांना हे सोंग दिसत होते. दिसत नव्हते ते एकट्या डॉटला. हरवलेला मुलगा परत येणे हीच तर तिच्या धर्माची सर्वांत लाडकी गोष्ट. ती नाकारायची तर नुसता निक नाकारून भागत नव्हते, गोष्टच नाकारावी लागणार होती. निक तिला पैशासाठी विष देण्याच्या बेतात होता आणि शेवटच्या क्षणी त्याचे मन कचरले. इथे लेखकांनी काय केले ते पाहा. म्हातारीची भक्ती त्यांनी दाराची कडी म्हणून वापरली नाही, चोराच्या हातातली किल्ली म्हणून वापरली. श्रद्धेने तिला वाचवले नाही. श्रद्धेमुळेच ती मारेकऱ्यापुढे ताट मांडून बसली. असे असूनही श्रद्धा मूर्खपणाची असते असा निष्कर्ष मालिका काढत नाही, कारण कचरायला लागणारे निकमधले जे काही होते ते ओळखणारी त्या चौकात तीच एक होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या राहतात, आणि प्रेक्षकाला त्या दोन्हींसह घरी बसावे लागते.

याहून अवघड प्रसंग आला सप्टेंबर २००० मध्ये. एथेल स्किनर ही डॉटची जुनी मैत्रीण. ती भूमिका ग्रेचेन फ्रँकलिन यांनी पहिल्या वर्षापासून केलेली. कर्करोगाने शेवटाला आलेली एथेल डॉटकडे एकच मागणी करते. साठवून ठेवलेल्या गोळ्या मला दे आणि जाऊ दे. इंग्लंडच्या १९६१ च्या कायद्याप्रमाणे आत्महत्येला साहाय्य करणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण डॉटला तुरुंगाची भीती नव्हती, तिला देवाच्या आज्ञेची भीती होती. एका बाजूला जन्मभर पाठ केलेली आज्ञा आणि दुसऱ्या बाजूला अंथरुणात वेदनेने पिळवटणारी मैत्रीण. मालिकेने तिला सुटकेची वाट ठेवली नाही. डॉक्टर अचानक आला नाही, एथेलचे मन बदलले नाही, आकाशवाणी झाली नाही. डॉटने गोळ्या दिल्या. त्यानंतर जे झाले त्यासाठी मी या पात्राला मानतो. आपण दयेचे काम केले, देव समजून घेईल, असली सोयीची समजूत तिने स्वतःला घातली नाही. तिच्या लेखी तो खूनच होता. तिला शिक्षा हवी होती, म्हणून ती कबुली द्यायला निघाली. आणि शिक्षा मिळत नाही हेच तिचे दुखणे होऊन बसले. इच्छामरणाच्या बाजूने किंवा विरोधात भाषण ठोकणे सोपे होते. मालिकेने एक बाई दाखवली, जिला स्वतः केलेली गोष्ट योग्यही वाटते आणि अक्षम्यही. या प्रसंगानंतर जवळजवळ २५ वर्षांनी, जून २०२५ मध्ये, ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात मरणासन्न रुग्णांना मृत्यूसाठी साहाय्य देण्याच्या विधेयकावर ३१४ विरुद्ध २९१ असे मत पडले. तो देश इतक्या वर्षांनंतरही किती अटीतटीने दुभंगलेला होता, हे त्या आकड्यांत दिसते. डॉट एकटीच दोन्ही बाकांवर बसली होती.

यावर पहिला आक्षेप साहजिक येतो. हा सगळा दुःखाचा कारखाना आहे. एका बाईचा नवरा ट्रकच्या अपघातात जातो, मुलगा व्यसनी आणि खुनी, नातू मोटरसायकलवरून मरतो, तिला स्वतःला कर्करोग होतो, दुसऱ्या नवऱ्याला पक्षाघात, मग दृष्टी अधू होते. एवढे एका जन्मात कुणाला भोगावे लागते? आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. रोजच्या मालिकेला माणूस संपवून चालत नाही आणि सुखात ठेवूनही चालत नाही, म्हणून लोकप्रिय पात्राच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त आपत्ती येतात. निकने २००९ मध्ये पुन्हा आईच्या जिवाचा बेत करावा, या खेपेला आपल्या लहान मुलीला हाताशी धरून, हे तर उघड उघड जुने ताट गरम करून वाढणे होते. तरीही पुनरावृत्तीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. कादंबरीत किंवा चित्रपटात क्षमा एकदाच करायची असते, आणि एकदा केलेली क्षमा शोभून दिसते. डॉटच्या धर्मग्रंथात मात्र क्षमेचा हिशेब विचारणाऱ्या शिष्याला इतका मोठा आकडा सांगितला आहे की मोजणेच सोडून द्यावे. तो आकडा खरोखर जगून दाखवायचा तर साहित्याचा एकच प्रकार कामाचा आहे, आणि तो म्हणजे संपायचे नाव न घेणारी मालिका. १९९० मध्ये क्षमा करणारी डॉट आणि २००९ मध्ये दार उघडणारी डॉट यांत १९ वर्षांचे अंतर आहे. ते अंतर लेखणीच्या एका फटकाऱ्यात दाखवलेले नाही, जून ब्राउन यांच्या चेहऱ्यावर खरोखर उमटलेले आहे. जो दोष म्हणून सांगितला जातो तोच या माध्यमाचा ऐवज आहे, हातात घेणारे धड असतील तर.

दुसरा आक्षेप श्रद्धावंतांकडून येतो आणि तो रागातून येतो. नास्तिक लेखकांनी धर्मनिष्ठ बाईचे विडंबन केले आहे, असा तो आक्षेप. चहाडखोर, शेजाऱ्यांच्या पापांवर टपलेली, स्वतःच्या सिगारेटकडे मात्र काणाडोळा करणारी. भक्त माणूस म्हटला की असाच का दाखवायचा? सुरुवातीच्या वर्षांपुरते हे खरे आहे, तेव्हा डॉट मुख्यतः हसण्यासाठी होती. पण कॉलिन रसेलच्या प्रसंगापाशी हा आक्षेप गळून पडतो. कॉलिन हा चौकात राहायला आलेला समलिंगी तरुण. काम मायकेल कॅशमन यांचे. ते दिवस एड्सच्या धास्तीचे होते. १९८७ मध्ये ब्रिटिश सरकारने घरोघर पत्रके पोचवली होती, आणि पत्रकांनी माहिती जितकी पसरली तितकीच भीतीही. डॉटला कॉलिनबद्दल कळले तेव्हा ती त्या काळच्या कुठल्याही घाबरलेल्या, अर्धवट माहितीच्या बाईसारखी वागली, म्हणजे वाईट वागली. नंतर ती त्याची जिवाभावाची मैत्रीण झाली. हा बदल कुणी व्याख्यान दिल्याने झाला नाही आणि तिने बायबल बाजूला ठेवल्यानेही झाला नाही. त्याच पुस्तकातले निवाड्याचे पान ती आधी वाचत होती, शेजाऱ्याचे पान मागाहून वाचू लागली, इतकेच. ज्याला विडंबन करायचे असते तो पात्राला बदलू देत नाही, कारण बदलले की हसे संपते. शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. ज्या भक्ताच्या अंगी दोष नाही त्याला भक्तीची गरजही फारशी नसते. डॉट चर्चला जायची ती आपण इतरांहून चांगल्या आहोत असे बहुधा मानून. पण तिथे परत परत जावे लागत होते ते तसे नसल्यामुळे. आपल्याकडच्या संतांनी स्वतःला पतित म्हणवून घेताना हाच धागा धरलेला आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे कोडे पडायचे कारण नाही.

इथे आकडे पाहण्यासारखे आहेत. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ७१.७ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले होते. २०११ मध्ये ते प्रमाण ५९.३ टक्क्यांवर आले आणि २०२१ मध्ये ४६.२ टक्क्यांवर, म्हणजे प्रथमच निम्म्याच्या खाली. डॉटच्या पडद्यावरच्या आयुष्याचा उत्तरार्ध नेमका या उतरणीवरचा आहे. तिच्या भोवतीचे जग तिच्याशी धर्मावरून भांडत नव्हते, त्याला त्याची फिकीरच नव्हती, आणि भक्ताला विरोधापेक्षा हे बेफिकीर शेजार जास्त एकटे पाडते. जनाबाईला दळू लागायला विठ्ठल आला, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. डॉटला चादरींच्या घड्या घालू लागायला कुणी आले नाही. मालिकेने तिच्या देवाला ३५ वर्षांत एकदाही बोलू दिले नाही; एका शब्दाने नाही, समईच्या ज्योतीने नाही. मला वाटते, देवाला न मानणाऱ्या लेखकाने भक्ताशी राखलेला हा सर्वांत मोठा प्रामाणिकपणा आहे. उत्तर येत असते तर प्रार्थना करायला विशेष काय लागते?

तिसरा आक्षेप मात्र जड आहे आणि तो मला सहजासहजी बाजूला सारता येत नाही. पुन्हा पुन्हा क्षमा करणारी आई रंगवणे म्हणजे बायकांना सोसायला शिकवणे, असे स्त्रीवादी अभ्यासक म्हणतील. आपल्याकडे तर आईच्या काळजाची ती गोष्ट लहानपणापासून ऐकवली जाते. मुलगा आईचे काळीज कापून नेतो, वाटेत ठेचकाळतो, आणि काळीज विचारते, बाळा, लागले का? ही गोष्ट ऐकून डोळे पुसणाऱ्यांना ती किती भयंकर आहे हे सहसा जाणवत नाही. डॉट म्हणजे त्याच काळजाची इंग्रजी आवृत्ती, असे कुणी म्हटले तर १९९० पुरते मी गप्प बसेन. पुढच्या घटना मात्र वेगळे सांगतात. १९९१ मध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या निकला तिने बरे करण्यासाठी खोलीत कोंडले; तो निसटला आणि पबचा मालक एडी रॉइल याचा त्याने खून केला, आणि खटल्यातून सुटलाही. २००१ मध्ये त्याने दुसऱ्यासाठी बिघडवून ठेवलेल्या मोटरसायकलवर त्याचाच मुलगा ॲशली बसला आणि मेला. नातवाच्या मरणानंतर डॉटने निकला घराबाहेर काढले. म्हणजे काळजाने दर वेळी लागले का म्हणून विचारले नाही.

आणि मग आला फेब्रुवारी २०१५, मालिकेचा तिसावा वाढदिवस. मेला असे भासवून परतलेला निक आईच्या घरात लपलेला. भेसळीचे हेरॉइन घेतल्यावर तो तिच्यासमोर तडफडू लागतो. फोन केला तर रुग्णवाहिका येईल आणि कदाचित तो वाचेल. डॉट फोन करत नाही. आता जगवायचे की न्यायचे हे प्रभूनेच ठरवावे, असे ती म्हणते आणि त्याच्याजवळ बसून राहते. आईच्या कुशीत मुलगा मरतो. या प्रसंगाचा अर्थ काय लावायचा? ही भक्तीची परिसीमा आहे की भक्तीच्या आडून घेतलेला सूड? तीस वर्षांचा थकवा देवाच्या नावावर खपवला गेला, की निकला हाताळू शकेल असा देवाखेरीज कुणी उरला नाही हे तिने अखेर ओळखले? सोसणाऱ्या आईची आरती ओवाळायची असती तर लेखकांनी इथे तिला रडवून मोकळे केले असते. त्यांनी तिला कोर्टात उभे केले. सदोष मनुष्यवधाबद्दल तिला शिक्षा झाली आणि ही म्हातारी तुरुंगात गेली. एथेलच्या वेळी मागूनही न मिळालेली शिक्षा १५ वर्षांनी वेगळ्याच मरणासाठी मिळाली. एकदा तिने देवाच्या हातातले काम स्वतःच्या हातात घेतले, एकदा स्वतःच्या हातातले काम देवावर सोडले, आणि दोन्ही वेळा ती स्वतःला निर्दोष म्हणू शकली नाही. सोसण्याला जिथे पुण्याईचा मुलामा दिला जातो तिथे अशी फिरवाफिरव चालत नाही. स्त्रीवादी आक्षेपाला मी पुरते उत्तर दिले असा माझा दावा नाही. पण आदर्श माता म्हणून कुणापुढे ठेवता येईल अशी ही बाई नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

हे सगळे कागदावरच राहिले असते, जून ब्राउन नसत्या तर. जिम ब्रॅनिंग हा डॉटचा दुसरा नवरा. २००२ च्या व्हॅलेंटाइनच्या दिवशी, उतारवयात, त्यांचे लग्न झाले होते. जिमचे काम करणारे जॉन बार्डन यांना २००७ मध्ये पक्षाघात झाला आणि मालिकेने तो जिमलाही दिला. ३१ जानेवारी २००८ च्या भागात पडद्यावर एकटी डॉट आहे, संपूर्ण अर्धा तास. इस्पितळातल्या नवऱ्यासाठी ती कॅसेटवर निरोप बोलून ठेवते आहे. टोनी जॉर्डन यांनी लिहिलेला हा भाग ब्रिटिश दैनंदिन मालिकांतला पहिला एकपात्री भाग. युद्धाच्या काळात लंडनबाहेर वेल्समध्ये धाडलेल्या लहान मुलीपासून नवऱ्याला आता आपण सांभाळू शकू की नाही इथपर्यंत ती बोलत जाते, आणि त्या बोलण्यात ना अश्रूंचा पूर आहे ना पार्श्वसंगीताचा. रोजच्या मालिकेतल्या अभिनयाला नाके मुरडणाऱ्या बाफ्टाने त्या कामासाठी ब्राउन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन दिले. १९८८ मध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट'च्या जीन अलेक्झांडर यांच्यानंतर मालिकेतल्या नटीला ते प्रथमच मिळत होते. त्या भागात डॉट देवाबद्दल फार बोलत नाही. पण ज्याचे उत्तर येणार नाही अशा यंत्रासमोर बसून ती मनातले सगळे सांगत राहते, आणि प्रार्थना म्हणजे काय हे मी आजवर पडद्यावर पाहिलेल्या कुठल्याही आरतीपेक्षा तिथे जास्त कळते.

जून ब्राउन ३ एप्रिल २०२२ रोजी ९५ व्या वर्षी गेल्या. मालिकेत डॉट त्याआधीच आयर्लंडला निघून गेली होती, त्यामुळे तिचे मरण पडद्यावर दिसले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दिसला तो तिचा अंत्यविधी. त्यासाठी फार जुनी माणसे परतली. मेरी स्मिथ आली, जी एके काळी मूल घेऊन एकटी राहणारी आणि डॉटच्या नापसंतीची धनी होती. डीसा आली, १९९० मध्ये रस्त्यावरून डॉटने घरात आणलेली मुलगी. आणि कॉलिन आला. त्याचे काम पुन्हा मायकेल कॅशमन यांनीच केले; मधल्या काळात 'स्टोनवॉल' या समलिंगी हक्कांच्या संस्थेची स्थापना करणाऱ्यांत ते होते आणि लॉर्ड्स सभागृहाचे सदस्यही झाले होते. ज्यांच्या चालचलनावर डॉटने लाँड्रीत उभे राहून तोंडसुख घेतले होते त्यांतले काहीजण शवपेटीजवळ उभे होते.